निघण्याच्या आदल्या दिवशी येणारा फोन

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत प्राण्यांना घेऊन सुट्टीला जाण्यावर पानभर मजकूर वाचला. कुठं जावं, फोटो कसे काढावेत, सगळं होतं. तयारीला कधी लागावं, हे मात्र कुठंच नव्हतं. मी पशुवैद्यकांच्या दवाखान्यात मदतनीस आहे. फोन मीच घेते, तपासताना जनावर टेबलावर धरायचं कामही माझंच. त्यामुळे लोकांना जाग कधी येते ते मला पक्कं ठाऊक आहे. "ताई, उद्या पहाटे निघतोय, त्याला तेवढी झोपेची गोळी द्यायला सांगा ना डॉक्टरांना." सुट्ट्या लागल्या की हा फोन वाजतोच. त्याबद्दल लिहावं म्हणून हा पत्रप्रपंच.

गुंगीच्या औषधानं रक्तदाब उतरतो, तोल जातो, अंगातली उष्णता काबूत ठेवायची ताकद कमी होते. हेलकावे खाणाऱ्या गाडीत किंवा विमानात नेमक्या याच गोष्टी जनावराला लागतात. म्हणून तर गुंगी दिलेला प्राणी अनेक विमान कंपन्या घेतच नाहीत. शिवाय काही औषधांनी अंग ढिलं पडतं, पण भीती जात नाही. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, किती शांत झोपलाय. गाडी लागू नये म्हणून, भीती कमी व्हावी म्हणून चांगली औषधं आहेत, पण ती डॉक्टरांनी तपासून, वजन बघून द्यायची आणि प्रवासाआधी घरीच एकदा देऊन बघायची असतात. आदल्या दिवशी फोन केला तर हे करायचं कधी?

पिंजऱ्याचंही तेच. निघताना पिंजरा माळ्यावरून काढायचा, मांजराला त्यात कोंबायचं, आणि मग ते ओरबाडतं म्हणून तक्रार करायची! पिंजरा काही आठवडे आधीच खोलीत उघडा टाकून ठेवा. आत त्याचं नेहमीचं, न धुतलेलं अंथरूण घाला, खाऊ तिथंच द्या. एके दिवशी ते आपणहून आत जाऊन झोपलेलं दिसेल. पिंजऱ्यात प्राण्याला डोकं न टेकता उभं राहता यावं, वळता यावं, पाय पसरून पडता यावं; विमान वाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय नियमांतही मोजमाप याच हिशेबानं धरतात.

मांजरांबद्दल मात्र मला स्पष्ट सांगायचंय: बहुतेक मांजरांना सहल नकोच असते. मांजर जागेला धरून असतं, आपल्या वासानं त्यानं घर आखून घेतलेलं असतं. परक्या खोलीत ते पलंगाखाली शिरतं, खाणं टाकतं. मांजरानं दोन-तीन दिवस काहीच खाल्लं नाही तर यकृतावर बेतू शकतं, हे मालकांना सहसा माहीत नसतं. ओळखीचं कुणी रोज घरी येऊन खाऊ घालेल, मातीचा ट्रे साफ करेल आणि घटकाभर बसेल, तर तीच त्याची सुट्टी. कुत्र्याला सांभाळगृहात ठेवणार असाल, तर खोकल्याची लस निघायच्या सकाळी नाही, निदान दोन आठवडे आधी टोचून घ्या. लस अंगात मुरायला वेळ लागतो.

आता उन्हाचं. गेल्या उन्हाळ्यात एका पगला उचलून आणलं होतं. जीभ बाहेर, रुंद झालेली, हिरड्या विटेसारख्या लाल, तोंडातून चिकट लाळेच्या तारा. थर्मामीटरचा पारा ४१ अंश सेल्सिअसच्या वर. कुत्र्याचं तापमान एरवी ३८ ते ३९ च्या आसपास असतं. माणसासारखा अंगभर घाम त्याला येत नाही, धापा टाकूनच तो उष्णता बाहेर टाकतो. चपट्या नाकाच्या जातींची श्वासाची वाटच आखूड आणि अरुंद, त्यांना तेही धड जमत नाही. मालक सांगत होते, "दहा मिनिटंच गाडीत होता, काच उघडी ठेवली होती." अमेरिकेतल्या स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी २००५ साली बंद गाड्या मोजून पाहिल्या होत्या. बाहेर अवघं २२ अंश असतानाही तासाभरात गाडीत ४७ अंशांपर्यंत पारा चढू शकतो, त्यातली बहुतेक वाढ पहिल्या अर्ध्या तासात होते, आणि काच थोडी खाली केल्यानं फारसा फरक पडत नाही, असं त्यांना आढळलं. असं काही झालंच, तर मिळेल ते साधं पाणी अंगावर ओतत राहा, वारा घाला, आणि ते करतच दवाखाना गाठा. तो पग वाचला. डॉक्टर आणि मी त्याच्याजवळ बराच वेळ ओला टॉवेल आणि पंखा घेऊन बसलो होतो. सगळेच वाचतात असं नाही.

चिपबद्दलही मोठा गैरसमज आहे. कातडीखालची चिप तांदळाच्या दाण्याएवढी असते, तिला बॅटरी नसते, हरवलेला कुत्रा ती नकाशावर दाखवत नाही. स्कॅनर जवळ नेला की ती फक्त १५ आकडी क्रमांक सांगते. त्या क्रमांकापुढे तुमचा जुना फोन नंबर नोंदलेला असेल तर तिचा काय उपयोग? निघण्यापूर्वी नोंद तपासा, आणि पट्ट्यावर चालू नंबर लिहिलेला बिल्ला लावा.

परदेशी न्यायचं असेल तर आठवडेही पुरत नाहीत. युरोपीय संघाचंच बघा. आधी चिप, मगच रेबीजची लस. क्रम उलटला तर ती लस धरतच नाहीत. पहिल्या लशीनंतर २१ दिवस थांबावं लागतं. बऱ्याच देशांतून येणाऱ्या प्राण्यांची लशीनंतर किमान ३० दिवसांनी रक्ततपासणी लागते आणि रक्त घेतल्यापासून पुढे तीन महिने थांबावं लागतं. तिकिटं हातात घेऊन आलेल्या कुटुंबाला हे सांगायची वेळ माझ्यावर आली आहे. त्यांच्या मुलीनं दवाखान्यातच रडायला सुरुवात केली.

म्हणून विनंती. पुढच्या सुट्टीच्या पुरवणीत एखाद्या पशुवैद्यकाकडून तारीखवार तयारी लिहून घ्या आणि ती सुट्ट्या सुरू व्हायच्या आठवड्यात न छापता दोन महिने आधी छापा. कात्रण काढून आम्ही ते दवाखान्याच्या दारावर लावू.

आपली,
एक नियमित वाचक