रिपोर्टखाली सही करणाऱ्या डॉक्टर मॅडमना

मॅडम नमस्कार, तुम्हाला आम्ही आठवणारही नाही कदाचित, आणि स्कॅन वाचणाऱ्या रेडिओलॉजिस्टला थँक्यू म्हणायला तसंही कोण परत येतं, सगळं श्रेय कार्डिओलॉजिस्ट घेऊन जातात, म्हणून हे लिहितेय.

बाबांना जिना चढताना छातीत दाब यायचा, थांबलं की जायचा. सीटी अँजिओमध्ये (हृदयाच्या धमन्यांचा स्कॅन) एलएडीत, म्हणजे हृदयाच्या पुढच्या बाजूच्या मोठ्या धमनीत, ६०-७० टक्के ब्लॉक निघाला आणि घरात लगेच सुरू, स्टेंट टाका नि मोकळे व्हा. तुम्ही मात्र मला आत बोलावून स्क्रीनच दाखवलीत. मधे डायचा (रक्तवाहिन्या स्कॅनमध्ये दिसाव्यात म्हणून शिरेतून सोडतात ते औषध) पांढरा गोल, त्याला चिकटलेला करडा मऊ प्लाक, म्हणजे धमनीत साचलेला चरबीचा थर, आणि कडेला कॅल्शियमचा चकचकीत ठिपका. कॅल्शियम आहे त्यापेक्षा मोठं दिसतं त्यामुळे ब्लॉकही जास्त वाटू शकतो, नुसत्या टक्क्यांवर जाऊ नका, रक्त पुढे किती पोचतंय ते बघू, म्हणालात. मग त्याच स्कॅनवरून कॉम्प्युटरने एफएफआर काढला, म्हणजे ब्लॉकच्या पुढे रक्ताचा दाब किती टिकतो तो आकडा (१ म्हणजे अडथळा नाही), परत सुई नाही की तार नाही. आला ०.८६. ०.८० किंवा त्याखाली असता तर विषय वेगळा होता. लेफ्ट मेन, म्हणजे डाव्या बाजूची मुख्य धमनी, साफ आहे हेही तुम्ही आवर्जून दाखवलंत, ते किती महत्त्वाचं आहे हे मला नंतर कळलं.

काकांना काही पटेना, ब्लॉक दिसतोय आणि तसाच ठेवायचा? तुम्ही न चिडता त्यांना २०२० सालची इस्केमिया ट्रायल (पेशंटवर केलेला मोठा अभ्यास) सांगितलीत, ५ हजारांवर पेशंट, त्रास स्थिर असेल तर नुसत्या औषधांच्या तुलनेत आधीच स्टेंट किंवा बायपास करून मृत्यू आणि अटॅक कमी झाले नाहीत, छातीतलं दुखणं मात्र जास्त कमी झालं. आणि अटॅक चालू असेल तर यातलं काही लागू नाही, हेही बजावलंत (हे काकांनी ऐकलं की नाही देव जाणे). कार्डिओलॉजिस्टनी मग स्टॅटिन (कोलेस्टेरॉलची गोळी), अ‍ॅस्पिरिन आणि बीटा ब्लॉकर (हृदयाचे ठोके कमी करणारी गोळी) यांवर ठेवलं, गोळ्यांनीही दुखणं थांबलं नाही तर तार घालून करतात ती अँजिओग्राफी करू म्हणाले. तशी वेळ आली नाही अजून.

तुमच्या टेक्निशियन दादांनाही थँक्यू सांगा, पल्स ६० च्या आसपास येईपर्यंत बाबांशी गप्पा मारत बसले आणि डाय गेल्यावर अंग गरम होईल, घाबरू नका, हे आधीच सांगून ठेवलं, नाहीतर बाबा टेबलावरून उठूनच आले असते.

आता बाबा आल्यागेल्याला स्कॅनची सीडी दाखवायला निघतात, घरात सीडी लागेल असा कॉम्प्युटरच नाही म्हणून पाहुणे वाचतात.