निराधारांची उत्पन्नमर्यादा कधी बदलणार?

महाराष्ट्रात १९८० पासून चालू असलेल्या संजय गांधी निराधार योजनेसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची अट २१ हजार रुपये आहे. फक्त दिव्यांगांसाठी ती ५० हजार. २०२४ मध्ये आलेल्या 'लाडकी बहीण'साठी मात्र हीच मर्यादा अडीच लाख! बहिणींना मिळू नये असे अजिबात म्हणणे नाही. पण घरातल्या एकाला वर्षात शंभर दिवस तीनशे रुपये रोजाने मजुरी मिळाली, तरी ते घर २१ हजारांच्या वर जाते. मग निराधार ठरायचे कोणी? परिणामी तहसीलचा उत्पन्नाचा दाखला नियमात 'बसवून' आणावा लागतो. ज्याची ओळख आहे त्याला तो मिळतो, खऱ्या गरजूला हेलपाटे.

केंद्राची तऱ्हाही वेगळी नाही. इंदिरा गांधी वृद्धापकाळ निवृत्तिवेतनात केंद्राचा वाटा ६० ते ७९ वयासाठी अजूनही महिना २०० रुपये आहे. एवढ्यात गॅसची टाकीही येत नाही. रेशनच्या लाभार्थ्यांची कमाल संख्या तर २०११ च्या जनगणनेवरच बेतलेली. त्यामुळे नंतर वेगळ्या झालेल्या कुटुंबांना 'इष्टांक संपला', म्हणजे ठरलेली लाभार्थीसंख्या भरली, असे ऐकावे लागते.

राज्याने उत्पन्नमर्यादा निदान एक लाख करावी, ती महागाईशी जोडावी आणि हयातीची पडताळणी ग्रामपंचायत अधिकाऱ्यामार्फत घरी जाऊन करावी. ऐंशीच्या आजींना अंगठ्याचे ठसे उमटत नाहीत म्हणून बँकेतून परत पाठवणे तेवढे थांबेल.

– एक वाचक, परभणी