गंगापूर रोडच्या काकांना, रविवारच्या टेबलाबद्दल

आदरणीय काका,
सा. न.

ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राचा ऑनलाइन गेमिंगचा कायदा आला आणि पैशांचं पोकर फोनवरून गेलं. पणजीला, मांडवीतल्या कॅसिनोच्या बोटींवर बसायचं म्हणणाऱ्या आम्हा नाशिककरांना तुम्ही आधी स्वतःच्या जेवणाच्या टेबलाशी बसवलंत. इथे पैसे लावून डाव मांडणं कायद्यात बसत नाही, म्हणून नुसत्या चिप्स. शिस्त मात्र पुरेपूर. त्याबद्दल मनापासून आभार.

स्क्रीनवर बटण चुकीची चाल करूच देत नाही. टेबलावर सगळं हातावर आणि तोंडावर. समोर २०० ची बेट (लावलेली रक्कम) असताना न बोलता हजाराची एकच चिप टाकली, तर तो कॉल, म्हणजे तेवढीच रक्कम लावणं, धरतात; मनात रेज, म्हणजे रक्कम वाढवणं, होतं हे पत्ते वाटणाऱ्या डीलरला कसं कळणार? म्हणून तुमचं ‘आधी तोंड, मग हात’. ‘रेज, आठशे’ म्हणायचं आणि चिप्स एकदम पुढे सरकवायच्या. न बोलता कॉलपुरत्या ठेवून पुन्हा मागे स्वतःच्या चिप्सकडे हात घातला की ती स्ट्रिंग बेट (तुकड्यांनी लावलेली बेट), आणि रेज बाद.

सर्वांत जास्त ऋण पॉट, म्हणजे डावात मध्ये जमलेल्या चिप्स, मोजायला शिकवल्याचं. फोनवर आकडा लिहिलेला असतो, इथे नुसता ढीग. ब्लाइंड (पत्ते बघण्याआधी दोघांनी लावायच्याच रकमा) १००-२००, रेज ६०० पर्यंत, आणखी दोघांचा कॉल, दोन्ही ब्लाइंडवाले फोल्ड (पत्ते टाकून डावाबाहेर): पॉट २१००. फ्लॉपवर (टेबलावर उघडलेले पहिले तीन पत्ते) हजाराची बेट, एक कॉल: ४१००. प्रत्येक चालीला बेरीज पुढे न्यायची. टर्नवर (चौथा पत्ता) पहिल्यापासून आठवायला गेलं की चुकलंच.

पत्ते बघताना दोन्ही हातांचा आडोसा करून अंगठ्याने कोपरा जेमतेम उचलायचा, मग वर एक चिप ठेवायची. वर चिप नसलेले पत्ते डीलरने चुकून ओढले, तर त्या पत्त्यांचा डाव बहुतेक वेळा बादच.

आणि तो संथपणा! ऑनलाइन एका टेबलावर तासाला साठ-सत्तर डाव, इथे पंचवीस-तीस. कंटाळून फालतू पत्ते खेळले जातात. फोल्ड केल्यावरही फोन न काढता, फ्लॉप पडताना कोण स्वतःच्या चिप्सकडे बघतो ते टिपायला तुम्ही लावलंत, तेव्हा कुठे बैठक जमली.

आता शोडाउन, म्हणजे शेवटी पत्ते उघडून दाखवणं, शिकायचं राहिलंय. येत्या रविवारी चिवडा आणतो, पण टेबलापासून लांब ठेवू. तेलकट बोटांनी पत्त्यांवर खुणा पडतात, हे पक्कं लक्षात आहे.

आपले,
रविवारची मंडळी, नाशिक