अछामचा दाखला: विनायकास पत्र

प्रिय विनायक,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या सोसायटीच्या वॉचमनचं बाळ नेपाळात, अछाम जिल्ह्यात गावी जन्मलं. जन्माच्या दाखल्यासाठी गाउँपालिकेत, म्हणजे तिथल्या ग्रामपंचायतीत, जायचं का, असं तू विचारलंस. पालिकेत नाही, वडा म्हणजे वॉर्ड कार्यालयात. आपल्याकडे वॉर्ड म्हणजे निवडणुकीपुरती रेघ. तिथे वड्याला स्वतःचा अध्यक्ष, चार सदस्य, सचिव आणि शिक्का असतो. सदस्यांत दोन बायका हव्यात, त्यातली एक दलित.

जन्माची खबर ३५ दिवसांत दिली तर नोंद फुकट. पुढेही होते, पण विलंब शुल्क पडतं. खबर घरातलं मोठं माणूस देऊ शकतं, त्यामुळे वॉचमनने त्यासाठी मुंबईहून धावायला नको. घोडं अडतं दुसरीकडेच: आईबापांच्या लग्नाची नोंदच नसते. ती करायला नवराबायको दोघं लागतात, आणि नवरा गावी येतो दसैंला (तिथल्या दसऱ्याला), म्हणजे नेमकं कार्यालयाला कुलूप असताना. रजा टाकताना सणाच्या आधीचे कामाचे चार दिवस जोडून घे म्हणावं.

दोघांच्या नागरिकता प्रमाणपत्रावर जे नाव, तेच ह्रस्व-दीर्घासकट फॉर्मवर हवं. तारीख विक्रम संवतातली. इंग्रजी सालात एप्रिलच्या मध्यापर्यंत ५६ आणि पुढे ५७ मिळवले की साल निघतं, पण दिवस-महिना तसा बोटांवर निघत नाही. तिथले महिने २९ ते ३२ दिवसांचे, आणि दर वर्षी मागेपुढे होतात. पात्रो, म्हणजे त्यांची दिनदर्शिका, समोर ठेवूनच लिहावं.

बाकी गाउँपालिका हे आपल्या ग्रामपंचायतीपेक्षा बरंच जड प्रकरण आहे. २०१५च्या संविधानाने तिला सरकारच केलं. देशात अशी ७५३ स्थानिक सरकारं, त्यातल्या ४६० गाउँपालिका. बारावीपर्यंतची शाळा कागदोपत्री तिच्या अखत्यारीत, पण शिक्षकांचा पगार काठमांडूहून सशर्त अनुदान म्हणून येतो. तिथे पालिका निव्वळ पोस्टमन.

मला सगळ्यात नवल वाटतं ते गाउँपालिकेच्या न्यायिक समितीचं. उपाध्यक्ष आणि दोन सदस्य मिळून चक्क निवाडा देतात. बांधाचे, पाटाच्या पाण्याचे, थकलेल्या मजुरीचे असे १३ प्रकारचे तंटे त्यांच्याकडे. घटस्फोटासारख्या आणखी ११ प्रकारांत फक्त समेट घडवता येतो. निवाडा पटला नाही तर ३५ दिवसांत जिल्हा अदालत. अध्यक्ष-उपाध्यक्ष अशा दोन्ही पदांना उमेदवार देणाऱ्या पक्षाला त्यातली एक बाई द्यावी लागते, म्हणून ही खुर्ची बहुधा बाईकडे. मात्र युती करून एकच पद लढवलं की अट चुकते. २०२२ला पक्षांनी हेच केलं आणि उपाध्यक्ष बायका घटल्या. कायद्याला बगल द्यायची कला सीमेच्या दोन्ही बाजूंना सारखीच!

आपला 'मार्च एंड' तिथे असार महिन्यात, ऐन पावसात येतो. अंदाजपत्रक १० असारपर्यंत सभेत मांडायचं, आणि चालू वर्षाचा पैसा त्याच महिनाअखेर संपवायचा. एक कोटीपर्यंतचं काम ठेकेदाराविना, गावकऱ्यांच्या ७ ते ११ जणांच्या उपभोक्ता समितीला देता येतं. कल्पना उत्तम. पण समितीला पैसा उशिरा मिळाला की ओल्या डोंगरउतारावर डोजर चढतो, गटार काढायला वेळ उरत नाही, आणि पहिल्या मोठ्या सरीत रस्ता खालच्या शेतात. त्याला तिथे 'असारे विकास' म्हणतात.

आता मूळ कामाकडे. गावी फोन लावण्याआधी वॉचमनला वड्याचा नंबर विचार, पण त्याच्या नागरिकतेवरचा नंबर धरू नकोस. २०१७ला जुन्या गाविस (गाउँ विकास समित्या) जोडून गाउँपालिका झाल्या तेव्हा नंबर बदलले. त्याच्याकडच्या कागदावर जुनी गाविस असेल. वड्यात त्याला 'साबिक' पत्ता म्हणतात. जुना आणि नवा पत्ता एकच असल्याची शिफारस आधी मागायची, दाखल्याचा अर्ज मग. आणि नवी नागरिकता काढायची असेल तर वडा फक्त शिफारस देतो. प्रमाणपत्रासाठी जिल्हा प्रशासनात, मंगलसेनला जावं लागतं.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
सुधीर