यंत्र येते, पण रुजत का नाही?

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलेत की, विकसनशील देशांतले कारखानदार संगणकाच्या आज्ञेवर धातू कापणारी सीएनसी यंत्रे आणि रोबो घ्यायला कचरतात ते केवळ भांडवलाअभावीच ना? मी ‘हो’ म्हणून गेले, पण ते उत्तर अपुरे होते आणि तेव्हापासून मनाला लागून राहिले आहे.

कर्ज महाग असते, हे खरेच. शिवाय संयुक्त राष्ट्रांच्या औद्योगिक विकास संघटनेच्या 2020 च्या अहवालानुसार प्रगत डिजिटल उत्पादन तंत्रज्ञानाची 90 टक्के पेटंटे अवघ्या 10 अर्थव्यवस्थांकडे आहेत. म्हणजे यंत्र घडते ते तिथल्यासारखी स्थिर वीज आणि हाताशी सुटे भाग गृहीत धरून. कटिंग चालू असताना क्षणभर वीज गेली, तर कापणारे टूल मोडू शकते आणि जॉब, म्हणजे कापला जाणारा तुकडाही, वाया जाऊ शकतो. दोनदा असे सोसलेला मालक हाताने चालवायच्या जुन्या लेथकडे वळला, तर त्याला मागासलेला म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

पण खरी मेख पाकिस्तानातल्या सियालकोटच्या फुटबॉल कारखान्यांतल्या, 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसते. चेंडूचे पंचकोनी तुकडे कापताना कृत्रिम चामड्याची शीट बरीच वाया जाते, म्हणून संशोधकांनी तुकडे दाटीने बसवणारा नवा साचा काही कारखान्यांना फुकट दिला. तरीही पंधरा महिन्यांनंतर तो वापरणारे मोजकेच निघाले. कापणाऱ्या कारागिराला मजुरी नगावर मिळत होती. नव्या साच्याने सुरुवातीला हात मंदावणार, कमाई घटणार, आणि वाचलेल्या मालाचा फायदा मात्र मालकाला मिळणार, मग त्याने साच्याबद्दल चांगले का बोलावे? पुढे काही ठिकाणी साचा नीट चालवून दाखवणाऱ्या कारागिराला साधारण महिन्याच्या कमाईइतके बक्षीस एकदाच देऊ केले, तेव्हा तिथला वापर स्पष्टपणे वाढला. धोरणे आखताना व्याजदराचा विचार होतो, पण या माणसाच्या बुडणाऱ्या मजुरीचा क्वचितच होतो, याचे मला फार वाईट वाटते.

बाबा, तुमच्याकडे पहिले सीएनसी आले तेव्हा ऑपरेटरची मजुरी नगावर होती की महिन्यावर, आणि शिकण्यात गेलेल्या दिवसांचे पैसे त्याला मिळाले का, हे सविस्तर कळवा. आई, तेव्हा बाबा रात्री मॅन्युअल घेऊन बसत आणि अडलेले शब्द तू कोशात शोधून देत होतीस. ते किती महिने चालले, तेही आठवून लिही.

तुमची लेक