हायवेवरच्या नाना पेंटरांस जाहीर आभार

नाना, साष्टांग नमस्कार.

तुमचं पूर्ण नाव लिहीत नाही, "नाव-बिव टाकू नको भो" असं तुम्हीच बजावलंय. धुळ्याला मुंबई-आग्रा हायवेवर ज्यांच्या ट्रकला तुमचा हात लागलाय, ते ओळखतीलच. नातू तुम्हाला हे वाचून दाखवेल, म्हणून जरा ऐसपैस लिहितो.

सेंच्युरियन रणगाड्याचं १/३५ चं (म्हणजे खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्शाएवढं) मॉडेल माझ्या टेबलावर कधीचं अडून बसलं होतं. १६ डिसेंबर १९७१ ला बसंतरच्या लढाईत पूना हॉर्सचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल ज्या जातीच्या रणगाड्यातून लढले, तोच हा. जोडणी झाली, हिरवा रंगही बसला. पण दिसायचा कसा, तर कालच शोरूममधून काढलेला! लढाईतल्या गाडीचा झिजलेला, टवके उडालेला रंग काही येईना.

त्यासाठी फी भरून एका ऑनलाइन क्लासला बसलो. तिथल्या सरांकडे प्रत्येक प्रश्नाचं उत्तर म्हणजे एक नवी बाटली. ही घ्या, ती घ्या. शेवटी मॉडेलचे फोटो पाठवले, तर "प्रॅक्टिस करा" आणि पुढे एक अंगठा. पैसे घेताना मात्र सर मोठे मोठे मेसेज लिहायचे. घरच्यांचं तर विचारूच नका. त्यांच्या लेखी ते खेळणंच.

तुमच्याकडे मी आलो होतो काकांच्या टेम्पोच्या कामाला. डबा उघडून मॉडेल सहज दाखवलं. तुमचे हात मनगटापर्यंत लांबीने (पत्र्यात भरायच्या पुट्टीने) माखलेले. तुम्ही एक शब्द न बोलता आधी थिनरच्या चिंधीने हात पुसले, मग नळावर साबणाने धुतले, काडीने नखांतली लांबी काढली, बनियनला हात कोरडे केले आणि मग ते वीतभर मॉडेल दोन्ही तळव्यांवर घेतलंत. नाना, लोक त्याला तोफेला धरून उचलतात हो! तिथेच माझा गळा भरून आला होता. टेम्पोचा हिशोब विचारायचंही मला सुचलं नाही.

मग तुम्ही मला कापसाच्या ट्रकच्या फाळक्यापाशी नेलंत. "पाय जठे पडस, रंग तठेच जास." हमालांचे पाय रोज पडतात ती कड पार चकचकीत, तिथे गंजाला बसायला सवडच नाही. बोटभर बाजूला, जिथे कुणाचा हात-पाय लागत नाही, तिथे गंज आणि त्याचा खाली आलेला तपकिरी ओघळ. वरवरचा ओरखडा म्हणजे तोच रंग, नुसता फिकट. त्याहून खोल गेला की रेड ऑक्साईडचं तांबूस अस्तर, आणि त्याच्याही खाली पत्रा. तुम्ही नखाने एकेक थर दाखवत होतात आणि मी खुळ्यासारखा फोटो काढत होतो.

घरी आल्यावर बाटल्या बाजूला सारल्या. क्रू कुठून चढत असेल, झाकण उघडताना हात कुठे टेकत असेल, हत्यारांची पेटी कुठे घासत असेल, एवढाच विचार केला. फाटक्या स्पंजने आधी फिकट हिरवा टेकवला, आणि त्याच्या आत, अगदी मोजक्या जागी, गडद तपकिरी. पत्र्याच्या मधोमध काहीच नाही. खऱ्या रणगाड्यावरचा एक सेंटिमीटरचा टवका मॉडेलवर ०.३ मिलिमीटरही भरत नाही, तेव्हा हात आवरता घेण्यातच सगळी गंमत. (मडगार्डसाठी हेअरस्प्रेची युक्ती केली: खाली हेअरस्प्रे, वर रंग, मग ओल्या ब्रशने घासून टवके काढायचे. तो आणायला ब्युटी पार्लरच्या दुकानात गेलो, तिथला प्रसंग समक्ष सांगेन.)

तुम्ही पैसे घेतले नाहीत, वर चहा पाजलात. आपल्याला त्यातलं काही कळत नसलं तरी समोरच्याच्या कामाला हलकं न लेखणारी माणसं मी आजवर क्लासांपेक्षा गॅरेजांत आणि टपऱ्यांवरच जास्त पाहिली. हे त्या सरांना टोचलं तर टोचू दे.

पुढचं मॉडेल लष्करी ट्रकचं आहे. म्हणजे लाकडी फाळका आला, आणि लाकडावरचा रंग कसा सुटतो ते मला अजून ठाऊक नाही. मंगळवारी तुमचं बंद असतं, तेव्हा बुधवारी सकाळी येतो. सेंच्युरियनही आणतो. सायलेन्सरवरचा गंज जास्त झालाय का ते तेवढं बघून सांगा.

तुमचा,
टेम्पोवाल्यांचा पुतण्या