कडब्याची ताटं फेकू नकोस

डहाणू,
रविवार

प्रिय बाळ्या,

तुझं पत्र मिळालं. सोलापूरकडे बदली, वस्तीवरची द्विशिक्षकी शाळा आणि तिसरी-चौथी एकत्र! प्रयोगाचं साहित्य नाही, रंगपेट्या नाहीत, मग परिसर अभ्यास आणि कला-कार्यानुभव हाताने करून कसं घ्यायचं, असं विचारलं आहेस. पहिलं काम हे कर, की वेळापत्रकात या दोन तासिका लागोपाठ घे. या वयाच्या मुलांना प्रयोग आणि चित्र ही वेगळी कामं वाटतच नाहीत, ती आपणच वेगळी करतो. एखादी वस्तू मूल नीट बघतं ते ती काढायला बसल्यावर, हे मला पक्कं पटलेलं आहे.

मुंगीचंच घे. आधी आठवणीने मुंगी काढायला सांग. कुणी आठ पाय देईल, कुणी शेपटाकडच्या फुगीर भागालाही पाय लावील. काही बोलू नकोस. मग व्हरांड्यात गुळाचा खडा ठेव, एक साधं भिंग दे आणि तीच मुंगी परत काढायला सांग. माझ्या वर्गातली एक मुलगी बराच वेळ पालथी पडून बघत होती. उठली आणि म्हणाली, "गुरुजी, सगळे पाय मधल्याच तुकड्याला हायेत!" सहाही पाय छातीच्या भागाला जोडलेले असतात हे फळ्यावर लिहून दिलं असतं तर परीक्षेपर्यंत राहिलं असतं. आता ती झुरळ बघते, टोळ बघते आणि पाय कुठून निघतात ते मला येऊन सांगते. दोन्ही चित्रं वहीत शेजारी-शेजारी चिकटव. पहिल्याला फुली मारू नकोस.

रंगांची काळजी तर अजिबात नको. हळद पाण्यात दाट कालवून पांढऱ्या कागदावर फासायची आणि सावलीत वाळवायची. हिराच्या काडीला कापसाचा बोळा लाव आणि कपड्याच्या साबणाच्या पाण्यात बुडवून त्या पिवळ्या कागदावर चित्र काढू दे. रेघ लालभडक उमटते. पोरं आधी नुसती ओरडतात. ती ओरडून झाली की खरा तास सुरू होतो: घरून काय काय आणून बघायचं? आमच्याकडे चुलीतली राख आली, मीठ आलं, चिंचेचं पाणी, लिंबू, ताक. राखेचं निवळलेलं पाणीही कागद लाल करतं. मीठ काही करत नाही आणि लिंबूसुद्धा काही करत नाही. म्हणजे मीठ आणि लिंबू सारखेच? इथे उत्तर देऊन टाकायचा मोह होतो, तो आवर. एखादं पोर लाल रेघेवर लिंबू पिळतंच. रेघ परत पिवळी होते, मिठाच्या पाण्याने होत नाही. मग चित्रातलं काय पुसायचं ते लिंबाने पुसतात, हे माझ्या वर्गानेच काढलं. पुढच्या आठवड्यात जास्वंदीच्या लाल पाकळ्या कागदावर चोळायला दे. तो जांभळट कागद लिंबाने गुलाबी होतो आणि साबणाने हिरवट, म्हणजे लिंबासारखं आंबट आणि साबणासारखं, दोन्हीकडचं सांगतो. चुना मात्र मुलांच्या हाती देऊ नकोस, डोळ्यात गेला तर फार वाईट.

सावलीचा खेळ तुला माहीत आहेच. मैदानात काठी रोवायची, दर अर्ध्या तासाने सावलीच्या टोकाला खडा ठेवायचा आणि शेवटी खडे जोडून रांगोळी काढायची. फक्त बारा वाजता सावली सर्वांत आखूड असते असं आधी सांगून बसू नकोस. आपलं घड्याळ मिर्झापूरजवळच्या साडेब्याऐंशी रेखांशावर लावलेलं आणि डहाणू त्याच्या बरंच पश्चिमेला. त्यामुळे फेब्रुवारीत आमची सर्वांत आखूड सावली पाऊण वाजून गेल्यावर पडते. तुमच्याकडे ती बारा-तेरा मिनिटं आधी पडेल. एकाच दिवशी दोन्ही शाळांत करू या का? मुलं एकमेकांना वेळ कळवतील. या कल्पनेनेच मला फार आनंद होतोय.

हे सगळं मी शोधलेलं नाही रे. मी राहतो त्याच तालुक्यात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालवाडी सुरू केली आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर काम नेलं. बिया, पानं, शंख-शिंपले हेच त्यांचं साहित्य. पैसा नव्हता म्हणून केलेली ती काटकसर होती असं मला वाटत नाही. मुलाला जे रोज हाताशी दिसतं त्यातूनच ते विचार करू लागतं, हे त्यांनी ओळखलं होतं. म्हणून विज्ञान प्रदर्शनासाठी पालकांनी रात्री जागून केलेले थर्माकोलचे ज्वालामुखी पाहिले की मला वाईट वाटतं. मूल त्याच्या शेजारी गणवेशात उभं राहून पाठ केलेलं म्हणून दाखवतं. त्याच्या हाताला त्यातलं काही लागलेलंच नसतं.

आता मुख्य गोष्ट. अरविंद गुप्ता आयआयटी कानपूरहून इंजिनियर होऊन पुण्याला टेल्कोत, म्हणजे आताच्या टाटा मोटर्समध्ये लागले, आणि १९७८ साली मध्य प्रदेशात होशंगाबादच्या विज्ञान शिक्षणाच्या कामात गेले. तिथे आठवडी बाजारातल्या वस्तूंतून त्यांनी काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी जोडून आकृत्या करायचा खेळ बसवला. नळीच्या तुकड्यात दोन्हीकडून काड्या खुपसायच्या. चौकोन केला की दाबल्यावर कलतो, त्रिकोण मात्र हलत नाही. आमच्या पोरांनी हे केलं आणि लगेच वारली चित्राकडे बोट दाखवलं, कारण त्यातला माणूस म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण. मग शाळेच्या पत्र्याखालच्या कैचीतले, म्हणजे छत पेलणाऱ्या सांगाड्यातले, त्रिकोण मोजायला सगळे बाहेर पळाले. चित्राची तासिका होती की विज्ञानाची, सांग बरं.

व्हॉल्व्हची नळी हल्ली सहज मिळत नाही. पण तुझ्या गावात गोठ्यागोठ्यात कडबा आहे! ज्वारीच्या ताटाचं साल काढलं की आतलं मऊ, हलकं भेंड निघतं. भेंडाचे तुकडे सांधे म्हणून आणि सालाच्या चोयट्या काड्या म्हणून वापर. तिथल्या आजोबांनी लहानपणी याच्या बैलगाड्या केलेल्या असणार, एकाला वर्गात बोलाव. साल सोलायचं काम मात्र तू कर, त्याची कड बोटाला कापते.

आधी चौकोन करून घे. भेंड रबरापेक्षा घट्ट धरतं, तेव्हा तो दाबल्यावर कलतो की तसाच उभा राहतो हे मला पुढच्या पत्रात कळव. मुलांचे अंदाजही लिही, बरोबर-चूक सगळे. वहिनींना नमस्कार, चिमीला आशीर्वाद.

तुझाच,
दादू